दोनशे सात होकार

आकडा ग्रामपंचायतीच्या पडद्यावर उमटला, तेव्हा मोरझरीतल्या एकाही माणसानं दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही. सगळे पडद्याकडेच बघत राहिले. एकूण निवेदनं तीनशे बारा. विरोध एकशे पाच. होकार दोनशे सात.

सारिका धायगुडे मागच्या भिंतीला टेकून उभी होती. ही तीनशे बारा निवेदनं तिनंच वीस दिवस घरोघर फिरून गोळा केली होती. यंत्रापुढं बोलून खोलीतून बाहेर येणारा प्रत्येक जण तिला हसत हसत "सांगितलं बघ त्येला सरळ," असंच म्हणाला होता. वीसपंचवीस होकार निघतील, असा तिचा अंदाज होता.

"ही दोनशे सात माणसं काय रानातनं आली?" सोपानतात्यांनी विचारलं. मालनगरीच्या विरोधातली कृती समिती त्यांच्या नावावर चालत होती, आणि गावात पटका बांधणारे आता तेवढेच उरले होते. "मी तर ज्याला इचारतोय, त्यो न्हाय म्हणतोय."

आता माणसं एकमेकांकडे बघायला लागली, आणि ते बघणं काही बरं नव्हतं.

प्रकरण असं होतं. मोरझरीच्या वरच्या अंगाला सहाशे एकरांचा माळ आहे. धायगुड्यांची मेंढरं तिथं चरतात, आणि माळात मुरलेलं पाणी खाली झऱ्याला येतं. त्या झऱ्याच्या जिवावरच गाव वसलंय. माळ हायवेला लागून असल्यामुळे 'अश्वमार्ग' नावाच्या कंपनीच्या डोळ्यांत भरला. तिथं मालनगरी व्हायची होती: चाळीस गोदामं, एकेक एवढं की अख्खं गावठाण आत मावावं, आणि चालक नसलेल्या ट्रकांच्या दिवसाला तीन हजार खेपा. माळावर काँक्रीट पडल्यावर झरा किती दिवस टिकणार, तीन हजार खेपांच्या रस्त्यावरून पोरं पलीकडच्या शाळेत कशी जाणार, मेंढरं कुठं न्यायची, या सगळ्यावर कंपनीच्या पुस्तिकेत एकच उत्तर होतं: 'योग्य ती उपाययोजना करण्यात येईल.'

कंपनीचे सक्सेना साहेब एकदा स्वतः सभेला आले होते. त्यांना मराठी येत नव्हतं, पण हल्ली त्यावाचून कोणाचं काही अडत नाही. कानात शेंगदाण्याएवढं यंत्र आणि कॉलरला बोलकं बटण. समोरचा मराठीत बोलला की साहेबांच्या कानात त्यांची भाषा, आणि साहेब बोलले की बटणातून मराठी. तासभर चित्रं दाखवून झाल्यावर गोदाक्का उठली. गोदाक्का म्हणजे सारिकाची सासू. फाट्यावर तिचं किराणा दुकान, चाळीस वर्षांचं, आणि तोंड त्याहून जुनं.

"सायेब, लय वेळ झाला," ती म्हणाली. "आता दुकान वाढवा."

सभा खो खो हसली. साहेबांनी कानाला हात लावला, नीट ऐकलं, आणि गोदाक्काला हात जोडले. "आपण दाखवलेल्या विश्वासाबद्दल मी ऋणी आहे," बटण म्हणालं. मग तर हसणं कोणाला आवरेना.

"कातडं गेंड्याचं हाय गड्याचं," तात्या म्हणाले.

त्या दिवसापासून गावाला घोषणाच मिळाली. पाण्याच्या टाकीवर कोणीतरी गेरूनं 'दुकान वाढवा' लिहिलं. माणसं रामराम सोडून एकमेकांना 'दुकान वाढवा' म्हणायला लागली. कंपनीची गाडी दिसली की शाळेची पोरंसुद्धा तेच ओरडायची, आणि गाडीतला माणूस काच खाली करून हात हलवायचा.

पूर्वी अशा प्रकल्पांची जाहीर सुनावणी व्हायची. ज्याचा आवाज मोठा, त्याची सुनावणी. बायका मागे बसून राहायच्या, ज्याचा भाऊ ठेकेदाराकडे कामाला तो गप्प बसायचा, आणि शेवटी कोणीतरी माईक ओढून घ्यायचं. त्यावर उपाय म्हणून लोकसंवाद मंडळ निघालं आणि मंडळानं 'श्रुती' आणली. डब्याच्या झाकणाएवढं यंत्र. प्रत्येकानं बंद खोलीत एकट्यानं त्याच्यासमोर बसायचं आणि प्रकल्पाबद्दल काय वाटतं ते आपल्या भाषेत बोलायचं. यंत्र घेऊन येणाऱ्या संवादसेविकेनं उंबऱ्याबाहेर थांबायचं. मोरझरीची संवादसेविका सारिका होती.

श्रुती काम कसं करते, हे तिला प्रशिक्षणात समजावलं होतं. यंत्राच्या पोटात एक प्रचंड नकाशा असतो, गावांचा नव्हे, अर्थांचा. कोट्यवधी छापील पानं वाचून यंत्रानं तो तयार केलेला असतो. जे शब्द पानांवर एकमेकांच्या संगतीत सापडतात, ते नकाशात शेजारी राहायला जातात. 'हवं', 'व्हावं', 'चांगलं' एका आळीत. 'नको', 'थांबवा', 'बंद करा' पार दुसऱ्या टोकाला. माणूस वाक्य बोलला की यंत्र त्या वाक्याची नकाशावरची जागा शोधतं, तिथं एक ठिपका देतं, आणि त्याच क्षणी आवाज आणि शब्द कायमचे पुसून टाकतं. उरतो फक्त ठिपका आणि घर क्रमांक. शेवटची मोहोर लागली की घर क्रमांकही जातो. कोण काय बोललं हे मागाहून कोणालाच काढता येत नाही. शेकडा साठ ठिपके होकाराच्या बाजूला पडले की प्रकल्प मंजूर, आणि मोरझरीचे सहासष्ट पडले होते. पंधरा दिवसांनी मंडळाच्या निरीक्षक येऊन निकाल वाचणार होत्या आणि मोहोर लावणार होत्या.

कोणी काय सांगितलं हे कळू नये म्हणून केलेली ही सोय आता गावाच्या मुळावर आली. होकार देणारे दोनशे सात जण होते, पण त्यांतला एकही दिसत नव्हता, म्हणून प्रत्येकाला ते सगळीकडे दिसायला लागले. ज्यानं नवी मोटारसायकल घेतली तो विकला गेला होता. ज्यानं काहीच घेतलं नाही तो लपवत होता. सख्ख्या भावांच्या बांधावरची दुपारची भाकरी वेगवेगळी झाली. आणि या सगळ्यांच्या बोलण्याचा ओघ फिरून फिरून एकाच घराकडे यायचा. यंत्र कोणाच्या हातात होतं? सारिकाच्या. मालनगरी झाली तर फाट्यावरच्या कोणत्या दुकानाचं भलं होणार होतं? गोदाक्काच्या. आठवडाभरात गोदाक्काच्या दुकानात काडीपेटी घ्यायलाही कोणी येईना.

"येतील," गोदाक्का म्हणायची. "मीठ कुठनं आणतील?" पण मीठही लोक दुसऱ्या गावाहून आणायला लागले.

मग तात्यांनी सारिकाला खंडोबाच्या देवळात बोलावलं.

"आकडा तू फिरवला न्हाईस, आसं बेलभंडारा उचलून सांग," ते म्हणाले. "राग मानू नकोस पोरी. गावाचं समाधान व्हायला पायजे."

सारिकाला राग आलाच होता. पण तिनं पुढं होऊन बेलाच्या पानावरचा भंडारा तळहातावर घेतला आणि देवाकडे बघत सांगितलं की मी आकड्याला हात लावलेला नाही. तिचा आवाज कापला नाही. मग कोणीतरी म्हणालं, "मग आता आपुन समद्यांनीच उचलू की."

दोन दिवस देवळासमोर रांग लागली. एकेक जण पुढं यायचा, भंडारा उचलायचा आणि म्हणायचा, "म्या कंपनीला न्हाय म्हणलं." म्हाताऱ्यांनी उचलला, पोरीबाळींनी उचलला. गोदाक्कानंही उचलला आणि वर ऐकवलं, "म्या काय म्हणलं ते समद्या गावाला ठावं हाय." दुसऱ्या दिवशी ऊन उतरेपर्यंत पावणेतीनशे माणसं शपथेवर नाही म्हणून गेली होती.

समाधान व्हायच्या ऐवजी भलतंच झालं. यंत्राला खोटं बोलण्याचं कारण नव्हतं. मोरझरीतला माणूस एरवी कितीही थापा मारील, पण भंडारा हातात घेऊन खोटं बोलणार नाही, अशी आजवरची समजूत होती. दोन्ही एकाच वेळी खरं असणं शक्य नव्हतं. म्हणजे शेजारचा नुसताच विकला गेलेला नव्हता, तो देवासमोरही खोटं बोलला होता. त्यानंतर गावातली माणसं एकमेकांच्या घरचं पाणीही घेईनाशी झाली.

सारिकाचा नवरा अंकुश दोन्ही दिवशी रांगेत नव्हता. तो टेम्पो घेऊन मार्केट यार्डला गेला होता. हे सारिकाच्या लक्षात आलं, आणि आपण ते लक्षात ठेवलं याची तिला लाज वाटली. पण एकदा लक्षात आलेलं काही पुन्हा विसरता येत नाही.

तिसऱ्या दिवशी तिनं जे करायला नको होतं ते केलं. सेविकेच्या चावीनं घरवार पान उघडतं, पण ते फक्त किती निवेदनं झाली हे मोजण्यासाठी. ठिपका होकाराचा की विरोधाचा हे दाखवणाऱ्या रंगांचा रकाना बघायचा नाही, असा नियम होता. सारिकानं पान उघडलं, घर क्रमांक एक्क्याऐंशीवर आली आणि रकाना बघितला. सेविकेला स्वतःचं निवेदन देता येत नसल्यानं तिच्या घरची निवेदनं दोनच होती, आत्यांचं, म्हणजे गोदाक्काचं, आणि अंकुशचं.

दोन हिरवे ठिपके होते.

आत्यांनी सभेत एवढं बोलून बंद खोलीत होकार दिला होता, आणि अंकुशनंही. म्हणजे गाव म्हणत होतं त्यात तथ्य होतं. गावाला ठाऊक होतं आणि तिला नव्हतं, एवढाच फरक. त्याच दुपारी धुण्यात अंकुशच्या शर्टाच्या खिशात तिला एक कार्ड सापडलं. 'अश्वमार्ग, अभ्यागत.' आत जाताना उमटवलेले दोन शिक्के होते, दोन वेगवेगळ्या तारखांचे. दोन्ही तारखांना त्यानं घरी मार्केट यार्ड सांगितलं होतं.

तिनं कार्ड पुन्हा खिशात ठेवलं आणि शर्ट न धुता खुंटीला टांगला. विचारलं मात्र नाही. विचारलं असतं तर त्यानं काहीतरी उत्तर दिलं असतं, आणि मग त्या उत्तरावर विश्वास ठेवायचा की नाही हे ठरवावं लागलं असतं. सोळा वर्षांच्या संसारात ही वेळ तिच्यावर पहिल्यांदाच आली होती. सासूला ती चहा देत राहिली, नवऱ्याला डबा देत राहिली, आणि दोघांशी कामापुरतं बोलत राहिली.

पडताळणीला चार दिवस उरले. दुपारी सारिका स्वयंपाकघरात यंत्र घेऊन बसली. श्रुतीला सरावासाठी वेगळी कळ असते. ती दाबली की निवेदन नोंदलं जात नाही, नुसता दिवा लागतो, होकाराला हिरवा आणि विरोधाला लाल. खाली छोट्या पडद्यावर यंत्राला कळलेला आशय येतो. यंत्र चुकत असेल, अशी तिला अजून आशा होती. खरं तर ते चुकत असावं, अशी तिची इच्छा होती.

"मालनगरी नको," ती म्हणाली. लाल.

"मालनगरी झाली पाहिजे." हिरवा.

"आमच्या मेंढरांनी जायचं कुठं?" लाल. इथं तर 'नको' हा शब्दसुद्धा नव्हता, तरी यंत्राला बरोबर कळलं. तिनं दहाबारा वाक्यं बोलून बघितली, एकही चुकलं नाही. यंत्र शहाणं होतं. खोटी होती ती माणसं, आणि त्यांतली दोन याच घरातली.

बाहेर, घराला लागूनच्या दुकानाचं शटर ओढल्याचा आवाज झाला.

"सारिका, दुकान वाढवलं गं," गोदाक्का दारातून म्हणाली. "जरा पडते. कोण आलंच तर हाक मार. येतंय कोण म्हणा."

श्रुतीचा दिवा हिरवा लागला.

आधी सारिकाला वाटलं, मघाचाच राहिला असेल. तिनं यंत्र पुसल्यासारखं केलं आणि हळूच म्हणाली, "दुकान वाढवलं."

हिरवा. पडद्यावर आलं: 'आशय: व्यवसायाचा विस्तार. समाधान.'

"बांगडी वाढली," ती म्हणाली. हिरवा. "नारळ वाढवा." हिरवा. "दिवा वाढव." हिरवा, 'प्रकाशात वाढ.' मग तिनं गळ्याशी हात नेला, दाराकडे बघितलं, आणि जेमतेम ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणाली, "मंगळसूत्र वाढलं." यंत्रानं आतापर्यंतचा सगळ्यांत झगझगीत हिरवा दिवा लावला. 'आशय: दागिन्यांत भर. आनंद.'

तिनं यंत्र पालथं घातलं.

घरात फुटलं, तुटलं, विझलं, बंद केलं असं म्हणायचं नाही, ही आपल्याकडची रीत. जे अशुभ आहे त्याला तोंडानं तरी शुभ म्हणायचं. म्हणून फुटलेली बांगडी वाढते, विझलेला दिवा वाढतो, आणि दुकानदार संध्याकाळी दुकान बंद करत नाही, वाढवतो. पण ही बोलायची भाषा झाली. ती छापायला कोण जातंय? श्रुतीनं जी कोट्यवधी पानं वाचली होती ती जाहिरातींची, अहवालांची आणि भाषणांची. तिथं धंदा वाढवायचा म्हणजे मोठाच करायचा असतो. गोदाक्काचं दुकान चाळीस वर्षं रोज दोनदा वाढत होतं, पण त्याची बातमी कधी कुठल्या कागदात आली नव्हती.

आणि बंद खोलीत बसलेल्या मोरझरीनं, कंपनीची जिरवायची म्हणून, एकामागून एक तेच ऐटबाज वाक्य यंत्राला ऐकवलं होतं. साहेबानं हात का जोडले होते, तेही सारिकाला आत्ता कळलं.

ती धावतच बाहेरच्या खोलीत गेली. गोदाक्का पटकुरावर आडवी झाली होती.

"आत्या, तुम्ही खोलीत त्या यंत्राला काय सांगितलं होतं?"

"दुकान वाढव म्हणलं. दुसरं काय सांगनार?"

सारिका खाली बसली आणि तिनं सासूच्या पायांवर डोकं ठेवलं. या दिवसांत मनात काय काय आलं होतं ते सगळं सांगितलं. रंगांचा रकाना बघितल्याचंही सांगितलं. गोदाक्का कूस बदलून म्हणाली, "म्हंजी म्या हो म्हणलं आसं तुला वाटलं. आणि तरी चहात साखर घालीत हुतीस. बरं हाय." मग तिला हसूच फुटलं.

अंकुश अंगणात टेम्पोची काच पुसत होता. सारिका त्याच्यामागे जाऊन उभी राहिली.

"मी तुमच्यावर संशय घेतला," ती म्हणाली. "रकाना बघितला. तुमचा खिसापण बघितला. चुकलं माझं. मला माफ करा."

तो काच पुसत राहिला. "जाऊ दे," तो म्हणाला. "कार्डाचं म्हणशील तर, तिथल्या कँटीनला भाजी पोचवायला गेलतो."

"मी विचारलंच नाही."

"न्हाय, सांगून ठेवलं आपलं."

त्यानं तिच्याकडे बघितलं नाही. तो दुखावला असेल असं सारिकाला वाटलं, आणि तिला आणखीच वाईट वाटलं.

पडताळणी शाळेच्या पटांगणात झाली. मंडळाच्या निरीक्षक बेंद्रे मॅडम पन्नाशीच्या, चष्मेवाल्या, घाईत असलेल्या. त्यांच्या शेजारी सक्सेना साहेब आणि कंपनीचे वकील. निकाल वाचून झाल्यावर मॅडमनी नियमाप्रमाणे विचारलं, "कोणाची हरकत?" आणि सारिका उठली. लोकांत कुजबुज झाली. ही आता कंपनीची बाजू मांडणार, असंच बऱ्याच जणांना वाटलं असावं.

"मॅडम, एक विचारू? तुमच्या घरी पूजेला नारळ काय करतात?"

"वाढवतात," मॅडम म्हणाल्या. "का?"

"फोडतात का नाही म्हणत?"

"शुभकार्यात फोडला कसं म्हणायचं? वाढवला म्हणतात, सगळेच..." बोलता बोलता मॅडम थांबल्या. त्यांनी चष्मा काढला.

सारिकानं श्रुती सरावावर लावून गोदाक्कासमोर धरली. "आत्या, सांगा."

"दुकान वाढवा," गोदाक्का म्हणाली.

हिरवा दिवा लागला. मोठ्या पडद्यावर अक्षरं आली: 'आशय: व्यवसायाच्या विस्तारास उत्साहपूर्ण पाठिंबा.' आणि त्याच वेळी, तेच वाक्य ऐकून, सक्सेना साहेबांनी सवयीनं पुन्हा हात जोडले.

कोणीही हसलं नाही. मोरझरीची माणसं ती अक्षरं वाचत होती, आणि आपण शेजाऱ्याला काय काय बोललो ते एकेकाला आठवत होतं.

वकील उठले. "ही एका बाईची बोलण्याची पद्धत झाली. बाकीचे हेच वाक्य बोलले याला पुरावा काय? आवाज तर पुसलेले आहेत."

"आवाज पुसलेत," मॅडम म्हणाल्या. "ठिपके आहेत."

त्यांनी अर्थांचा नकाशा पडद्यावर घेतला. होकाराच्या बाजूला थोडे ठिपके इकडेतिकडे विखुरलेले होते आणि मधोमध एकच जाड, गडद डाग होता. मॅडमनी तो मोठा करून बघितला, पुन्हा मोठा केला, तरी तो फुटेना. "खरा होकार असा नसतो," त्या सावकाश म्हणाल्या. "कोणाला नोकरी हवी असते, कोणाला रस्ता, कोणाला जमिनीला भाव. प्रत्येकाचा ठिपका थोडा वेगळा पडतो. इथं एकशे चौऱ्याऐंशी ठिपके एकाच जागी आहेत. आणि आत्ता आजींच्या वाक्याची जागा काढली, तीही तीच."

त्यांनी दुरुस्तीचं पान उघडलं, मंडळाशी फोनवर वीसेक मिनिटं बोलल्या, आणि मग त्या एका जागेचा अर्थ यंत्राला नव्यानं शिकवला. नोंद करताना त्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं, "मग 'पगार वाढवा' म्हणजे काय धरायचं?"

"पगार वाढवा म्हंजी पगार वाढवा," गोदाक्का म्हणाली. "एवढं बी कळंना व्हय?"

तेव्हा कुठं लोक हसले. नवा आकडा पडद्यावर आला. विरोध दोनशे एकोणनव्वद. होकार तेवीस.

माळ वाचला होता. लोक सारिकाला येऊन भेटत होते, कोणी नुसतेच समोर उभे राहत होते. सोपानतात्या गोदाक्काच्या दुकानात गेले आणि गरज नसताना पावशेर चहापूड आणि दोन काडीपेट्या घेऊन आले. पण परत येताना त्यांच्या कपाळावर पुन्हा तीच आठी होती.

"सारिका, ही तेवीस कोण गं?" त्यांनी विचारलं. "भंडारा उचलून खोटं बोलल्यात. शोधून काढायला पायजेत."

"तात्या, आता विषय वाढवू नका," सारिका म्हणाली.

तात्यांना त्याचा अर्थ बरोबर कळला. ते मान हलवून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला मंडळाची गाडी यंत्र न्यायला येणार होती. त्याआधी सेविकेनं दुरुस्त केलेलं घरवार पान सुरुवातीपासून शेवटपर्यंत नजरेखालून घालून सही करायची होती, या वेळी रंगांसकट, तसा मॅडमचा लेखी आदेशच होता. मोहोर त्या सहीनंतरच लागणार होती. सारिका चुलीपाशी बसून एकेक घर पुढं सरकवत गेली. लाल, लाल, लाल. जिथं हिरवा दिसे तिथं ती नाव मनात येऊ न देता पुढं जाई. एक्क्याऐंशीवर ती आली.

निवेदनं दोन. एक लाल. एक हिरवा.

तिनं पान खालीवर करून बघितलं. आत्यांचा लाल होता, ते शाळेच्या पटांगणात सगळ्यांनी ऐकलं होतं. दुसरा ठिपका दुरुस्तीनंतरही हललेला नव्हता. कारण तो त्या जाड डागात कधी नव्हताच. तो बाजूला, एकटा पडलेला होता.

तिनं सही केली, पान बंद केलं, यंत्र पिशवीत घातलं. तिला राग आला होता, एवढा की कानशिलं तापली होती. आणि त्या रागाच्या तळाशी, कबूल करायला जड जावं असं, थोडं हलकंही वाटत होतं. पंधरा दिवस अख्ख्या गावावर पसरलेला संशय आता एका माणसावर येऊन थांबला होता, आणि त्या माणसाशी बोलता येण्यासारखं होतं.

अंकुश बाहेरून आला. त्यानं हातपाय धुतले, पाटावर बसला आणि रोजच्यासारखा म्हणाला, "वाढ."

सारिकानं ताट वाढलं. भाकरी, मेथीची भाजी, कांदा. मग तिनं दुसरं ताट घेतलं, त्यातही तेवढंच वाढलं, आणि त्याच्यासमोर बसली. रोज ती त्याच्यामागून जेवायची. तो बघतच राहिला.

"त्या दिवशी अंगणात मी तुमची माफी मागितली होती," ती म्हणाली. "ती मला परत पाहिजे."

त्याचा हात भाकरीवरच थांबला. पिशवीतल्या यंत्राकडे त्याची नजर गेली आणि पुन्हा ताटात आली. कँटीनची गोष्ट त्यानं पुन्हा सांगितली नाही.

"देखरेखीचं काम होतं गोदामात," तो म्हणाला. "नोकरी मागायला गेलतो. दोनदा. हायवेला चालकाबिगर गाड्या सुरू झाल्यापासनं टेम्पोला कोण इचारतंय? मला रोज एका वेळेला कुठंतरी जायचं हुतं आणि एका वेळेला परत यायचं हुतं."

"मग मला का नाही सांगितलं?"

"कसं सांगू? आई सभेत बोलली, समदं गाव हासलं. मी बी हासलो. त्यानंतर कुनाला सांगायची सोयच राहिली न्हाय." त्यानं भाकरीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही. "खोलीचं दार लावलं, आणि त्या डबड्यानं इचारलं, तुम्हाला काय वाटतं. आख्ख्या गावात मला एकट्याला इचारणारं तेवढंच निघालं. म्हणून खरं बोललो. आणि भंडारा उचलायला लागू नये म्हणून दोन दिस यार्डात बसून राहिलो."

विचारायला हवं होतं ते आपणही विचारलं नव्हतं, हे सारिकाला ठाऊक होतं. ते कार्ड तिनं गुपचूप परत खिशात ठेवलं होतं. बाहेर फाट्यावर मंडळाच्या गाडीचा हॉर्न वाजला. तेवीस जण कोण, हे विचारायला तात्या पुन्हा येणार, आणि पुन्हा पुन्हा येणार. त्यांना एकही नाव सांगायचं नाही, एवढं तिनं ठरवून टाकलं. घरातलं मात्र घरात बोलायचं होतं, आणि ते आजच्या जेवणात संपण्यासारखं नव्हतं.

गोदाक्कानं बाहेरून हाक मारली, "सारिका, गाडी आली गं. आणि मी दुकान वाढवतीय."

"वाढवा आत्या," सारिका म्हणाली. मग तिनं दुरडीतली भाकरी घेतली, मोडून अर्धी अंकुशच्या ताटात वाढली आणि अर्धी आपल्या.

"जेवा," ती म्हणाली. "आणि मग पहिल्यापासनं सांगा."